रक्तातले आणि डबीतले

गेल्या आषाढात आमच्या घरी एक निरोप आला. निरोप कसला, नकारच तो. फक्त रीतीप्रमाणे गुळात घोळून पाठवलेला. आमच्या धाकट्या पुतणीचे स्थळ जमत आले होते. मुलगा शिकलेला, माणसे चांगली, पत्रिका जुळलेली. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची राहिली होती. अशात एके दिवशी मध्यस्थ आमच्या ओट्यावर येऊन बसले, पाणी प्याले, मिरचीच्या भावाची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाले, "मास्तर, मुलाच्या मामांनी जरा चौकशी केली होती. तुमच्या बहिणीला तोंडाचा कर्करोग झाला होता ना? आणि मुलीचे वडील ऐन बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. तुमचे वडीलही छातीत कळ येऊनच गेले म्हणतात. तेव्हा त्या मंडळींच्या मनात शंका आहे, की दोष रक्तातलाच असला तर..."

ते 'तर' त्यांनी ओट्यावर तसेच ठेवले आणि ते उठून गेले.

आमची मोठी माय नव्वदीला टेकली आहे. ती दाराआडून सारे ऐकत होती. मध्यस्थांची पाठ फिरताच तिने निकाल देऊन टाकला, "हाई आपला रगतमाच शे, भाऊ." आमच्या दोंडाईच्यात एखाद्या घरात दोन माणसे एका दुखण्याने गेली, की तिसऱ्याच्या नावाने हाच निकाल लागतो; त्यावर अपील नाही.

पुतणी मात्र रडत बसली नाही. ती विज्ञानाची पदवीधर आहे. तिने पर्समधून रक्तदान शिबिरात मिळालेले कार्ड काढले आणि माझ्यापुढे ठेवले. त्यावर लिहिले होते, 'बी पॉझिटिव्ह'. "आबा," ती म्हणाली, "बी गटाच्या माणसांना हृदयविकार आणि कर्करोग जास्त होतो असे मी वाचले आहे. बाबांचाही बी गटच होता. तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. आता या रक्ताचा इतिहास काय तो मला सांगा. खरे असेल तर खरे सांगा."

वाचकहो, मी शाळामास्तर. तहांच्या तारखा आणि लढायांची कारणे मुलांकडून घोकून घेण्यात माझी हयात गेली. परंतु घरची पोर असे विचारते तेव्हा 'तो माझा विषय नव्हे' असे म्हणून चालत नाही. पावसाळाभर मी पुस्तके आणि जुने अहवाल मिळवून वाचले, अडले तिथे धुळ्यास डॉक्टरकी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे डोके खाल्ले. त्यातून जी हकीकत हाती आली ती पुतणीला सांगितली, आणि तीच आता तुम्हांला सांगतो. गोष्ट व्हिएन्नातून निघते, एका रणांगणावरून जाते आणि शेवटी मुंबईच्या परळात येऊन पोचते.

१९०१ साली व्हिएन्नातील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की सगळ्या माणसांचे रक्त सारखे नसते. एकाचे रक्तद्रव दुसऱ्याच्या रक्तपेशींत मिसळले, तर कधी काही होत नाही, आणि कधी दुधात लिंबू पिळावे तशा गुठळ्या होतात. त्यातून ए, बी आणि ओ हे गट ठरले. एबी मागाहून सापडला. या शोधासाठी त्याला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रक्तगट ही नुसती कार्डावर लिहायची खूण नाही. शरीराच्या संरक्षणाशी तिचे नाते आहे. पेशीच्या अंगावर जी साखरेची खूण असते ती आपली. जी नसते ती परकी. आणि परकीविरुद्ध आपल्या रक्तात आधीपासून फौज तयार असते. पूर्वी गावात जागल्या असे. रात्री वेशीत कोण शिरले, ओळखीचे की अनोळखी, हे तो पाही आणि हाळी देई. आपल्या शरीरातही असे जागले आहेत, आणि त्यांचा स्वभाव घराघराप्रमाणे थोडा थोडा वेगळा असतो. तो स्वभाव ज्या जनुकांत लिहिलेला असतो त्यांचीच ही कथा आहे.

१९१० च्या सुमारास फोन डुंगेर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी दाखवले की रक्तगट आईबापांकडून वारशाने येतो. पुढे पहिले महायुद्ध पेटले. ग्रीसमधील सालोनिकाच्या आघाडीवर दोस्त राष्ट्रांच्या फौजा अडकून पडल्या होत्या. त्यांत इंग्रज, फ्रेंच, रशियन, सर्ब होते, तसे आपले हिंदी शिपाईही होते. हिर्शफेल्ड आणि त्यांची पत्नी हान्का तिथे डॉक्टर होते. या दांपत्याने छावण्या हिंडून हजारो माणसांच्या बोटांतून रक्ताचे थेंब घेतले आणि १९१९ साली हिशेब छापला. इंग्रज शिपायांत ए गट भरपूर, बी थोडा. हिंदी शिपायांत उलट: शंभरांतले एक्केचाळीस बी गटाचे, ए अवघे एकोणीस. तेव्हा पुतणीबाई, तुमचा बी गट काही आमच्या घराण्याची खासगी मिळकत नव्हे. अर्धा देश तुमच्या पंगतीला आहे.

या हिशेबाचा पुढे दुरुपयोग झाला. रक्तावरून वंश, आणि वंशावरून उच्चनीच ठरवणारी मंडळी युरोपात सत्तेवर आली. हिर्शफेल्ड स्वतः ज्यू कुळातले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांनाच वॉर्सातील ज्यूंच्या कोंडवाड्यात डांबले. तिथून ते निसटले, पण त्या धामधुमीत त्यांची एकुलती एक मुलगी गेली. 'दोष रक्तातला' हे शब्द कोणी सहज उच्चारले की मला आता ही हकीकत आठवते.

आपल्याकडे हे काम हाती घेतले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा या मराठी माणसाकडे आली. खानोलकरांना एक प्रश्न छळत होता. मुंबई हे एकच शहर. हवा एक, पाणी एक. परंतु तिथल्या निरनिराळ्या जातीजमातींत कर्करोगाची जागा निरनिराळी. हे रक्तामुळे, की राहणीमुळे? आपल्या समाजासारखी प्रयोगशाळा जगात दुसरी मिळणे कठीण होते. पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्ने करणारे लोक इथे एकाच चाळीत शेजारी शेजारी राहत होते. म्हणजे आमच्या मध्यस्थांच्या धंद्याने शास्त्राची सोयच करून ठेवली होती म्हणा ना!

खानोलकर आणि त्यांचे तरुण सहकारी एल. डी. संघवी यांनी मुंबईतील सहा जातीसमूह निवडले आणि सात आनुवंशिक लक्षणे तपासली. तो निबंध १९४९ च्या सुमारास इंग्लंडातील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जातीजातींत फरक दिसला हे खरे. पण तो प्रमाणाचा. एका जातीत ए थोडा अधिक, दुसरीत बी थोडा अधिक, इतकेच. एखादा गट याच जातीचा आणि त्या जातीत मुळीच नाही, असे नव्हे. देशस्थाच्या अंगात मराठ्याचे रक्त चालते आणि मराठ्याच्या अंगात कोळ्याचे. गट जुळला की झाले. हे आज कोणत्याही रक्तपेढीतल्या पोराला ठाऊक आहे. आमच्या ओट्यावर मात्र ते अजून पोचायचे आहे.

लगेच १९५२ साली मुंबईनेच जगाला चकित केले. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसे अशी सापडली, की तपासणीत ती ओ गटाची दिसत, पण ओ गटाचे रक्तदेखील त्यांना चालत नसे. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो पायाच त्यांच्यात नव्हता. त्या गटाला 'बॉम्बे' हे नाव पडले. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा निघतो. युरोपात दहा लाखांत एक निघाला तरी पुष्कळ. शहराचे नाव आता मुंबई झाले, पण रक्तपेढ्यांच्या दफ्तरी जुने नाव टिकून आहे.

इथवर पुतणीने शांतपणे ऐकले. मग तिने नेमका बोट ठेवण्याजोगा प्रश्न विचारला. "पण आबा, हे गट मुळात झालेच कशाला? सगळ्यांचे रक्त एकसारखे असते तर काय बिघडले असते?"

त्याचे उत्तर आमच्या खानदेशात जितके चांगले समजते तितके पुण्यामुंबईस समजणार नाही. तापीकाठ आणि सातपुड्याचा पायथा हा पूर्वी हिवतापाचा मुलूख. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला. त्याच्या आदल्या वर्षी बंगालातल्या जेसोरकडून निघालेली पटकी त्याच साली दख्खन तुडवत मुंबईपर्यंत आली होती. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला आणि मग गावोगाव फिरला. लोक घरे सोडून शेतात झोपड्या बांधून राहिले. त्यावर १८९९ चा छप्पन्नचा दुष्काळ, आणि १९१८ ची ती तापाची साथ. माझे पणजोबा प्लेगाच्या झोपडीतून जिवंत परतले. त्यांचे तीन भाऊ परतले नाहीत. आज दोंडाईच्यात जो जो हिंडतोफिरतो आहे तो अशाच वाचलेल्यांचा वंशज आहे. वाचलेल्यांत नशीब होते, अंगातली ताकद होती, आणि थोडा वाटा त्यांच्या जागल्यांच्या स्वभावाचाही असला पाहिजे. शे-दीडशे वर्षांत रक्ताचा हिशेब फारसा बदलत नाही. पण अशा साथी हजारो वर्षे येत राहिल्या, की ज्या जनुकाने माणूस वाचतो ते टिकते आणि पसरते.

याचा सर्वांत उघड पुरावा आमच्याच शेजारच्या भिल्ल आणि पावरा बांधवांच्या रक्तात आहे. सिकलसेल नावाचा आजार त्यांच्यात आढळतो; तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. हिंदुस्थानात तो प्रथम १९५२ साली निलगिरीकडच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत नोंदला गेला. ते जनुक आईबाप दोघांकडून आले तर मूल जन्मभर वेदना सोसते. पण एकाकडूनच आले, तर ते मूल जीवघेण्या हिवतापातून वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. अँथनी ॲलिसन याने १९५४ साली पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिले. म्हणजे जे रक्त आजीला तापातून वाचवते, तेच नातवाला दुखणे देऊन जाते. त्याला दोष म्हणायचे की कवच? जंगलात हिवताप होता तोवर ते कवच होते. हिवताप हटला आणि किंमत तेवढी मागे उरली. २०२३ च्या जुलैपासून सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम काढली आहे. लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावे असे तिथे सांगतात, आणि ते रास्त आहे. कारण तिथे धोका मोजता येतो आणि टाळता येतो. हे रक्त काही फक्त आदिवासींच्या वाट्याला आलेले नाही, पण तो निराळा विषय.

ए, बी, ओ यांचे असेच आहे, फक्त सौम्य प्रमाणात. १९९० साली यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटांचे जनुक वाचून काढले. तेव्हा गंमत अशी दिसली, की ओ म्हणजे नवी गोष्ट नाहीच. ए च्या मजकुरातले एक अक्षर गळाले, पुढचे सारे वाक्य बिघडले आणि खूण उमटायचीच बंद झाली, तोच ओ. छापखान्यात एक खिळा पडावा तसे! पण या गळलेल्या अक्षराने लाखो पोरे वाचवली आहेत. हिवतापाचे जंतू शिरलेल्या पेशी शेजारच्या पेशींना चिकटून गोळे करतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. ओ रक्तात त्यांना धरायला हात लागत नाही. २००७ साली आफ्रिकेतील माली देशातल्या मुलांत हे सिद्ध झाले. उलट पटकीची साथ आली, की ओ गटाचा माणूस अधिक गंभीर आजारी पडतो. बांगलादेशात हे वारंवार दिसले आहे. एका रोगाला जो दरवाजा बंद, तो दुसऱ्याला किलकिला. म्हणून निसर्गाने एकच गट ठेवला नाही.

"आता माझे सांगा," पुतणी म्हणाली. पोरीचा आवाज जरा कापरा झाला होता.

मी तिला आकडेच दिले, कारण अशा वेळी शब्दांपेक्षा आकडे धीर देतात. १९५३ साली इंग्लंडात इयन एअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळांची दफ्तरे चाळून पाहिले, की जठराचा कर्करोग ए गटात काहीसा अधिक. रक्तगट आणि कर्करोग यांचा संबंध असा प्रथम पुढे आला. हृदयाचे म्हणाल, तर २०१२ साली अमेरिकेत परिचारिका आणि आरोग्यसेवक यांच्या दोन मोठ्या समूहांचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला गेला. ओ च्या तुलनेत हृदयविकाराचा धोका ए मध्ये ५ टक्के, बी मध्ये ११ टक्के आणि एबी मध्ये २३ टक्के अधिक निघाला. याचे एक कारणही समजते: ओ गटाच्या रक्तात गोठण्यास मदत करणारे एक द्रव्य सुमारे चतुर्थांशाने कमी असते. जखम झाली तर ते तोट्याचे, हृदयाच्या धमन्यांना ते फायद्याचे.

त्याच समूहांत २००९ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा हिशेब झाला होता. त्यात बी गटाचा धोका ओ पेक्षा ७२ टक्क्यांनी अधिक आढळला. हाच आकडा आमच्या पुतणीने कुठेतरी वाचला होता आणि तो घेऊन ती दोन महिने झोपली नव्हती. परंतु त्याच निबंधात दुसरा आकडा आहे, तो कोणी सांगत नाही. ओ गटाच्या एक लाख माणसांत वर्षाकाठी २७ जणांना हा रोग झाला; बी गटाच्या एक लाखांत ४६ जणांना. म्हणजे लाखामागे १९ जणांचा फरक. उरलेली नव्याण्णव हजार नऊशे चौपन्न बी गटाची माणसे त्या वर्षी आपापल्या कामावर गेली. बहात्तर टक्के हाही खरा, आणि एकोणीस हाही खरा. पण एक ऐकून लग्न मोडते, दुसरा ऐकून मोडणार नाही.

शरीरातल्या जागल्याचा स्वभाव हृदयाला आणि कर्करोगाला कसा भोवतो, याचे आणखी दोन दाखले मला मिळाले, ते इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. उत्तर इटलीत ब्रुनेक नावाचे गाव आहे. तिथल्या ८१० माणसांचे एक जनुक तपासले. हे जनुक जंतूंचा वास ओळखणाऱ्या जागल्याचे. ५५ जणांत तो जागल्या जरा सुस्त निघाला. २००२ साली कळले ते असे: या ५५ जणांना जंतूंचे गंभीर आजार अधिक झाले, पण त्यांच्या मानेतल्या धमन्या इतरांपेक्षा स्वच्छ होत्या! पुढे इतर गावी हे चित्र इतके ठळक दिसले नाही. पण दिशा तीच. जो जागल्या रात्रभर काठी आपटतो, तो चोर तर पळवतो, पण वेशीच्या भिंतीलाही टवके पाडतो. धमनीत मेद साचतो ही अर्धी गोष्ट. तिथे वर्षानुवर्षे धुमसणारा दाह ही उरलेली अर्धी.

दुसरा दाखला २०१७ चा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर एका औषधाची परीक्षा झाली. हे औषध ना रक्तातला मेद कमी करते, ना रक्तदाब. ते फक्त दाहाची एक दवंडी बंद करते. मधल्या मात्रेने पुन्हा झटका येणे, अर्धांग होणे आणि हृदयविकाराने दगावणे हे सारे मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. आणि कोणाच्या फारसे ध्यानीमनी नसताना फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाणही खाली आले. एकाच दवंडीवर दोन्ही रोग पोसले जात होते तर! पण जागल्या गप्प बसवल्याचा दंडही भरावा लागला: जंतुसंसर्गाने दगावलेले रुग्ण वाढले, आणि एकंदर मृत्यूंचा आकडा जवळजवळ होता तिथेच राहिला. पणजोबांच्या झोपडीतला तोच जुना सौदा, एकविसाव्या शतकात पुन्हा.

येथे कोणी म्हणेल, "मास्तर, म्हणजे मध्यस्थांचेच खरे; रक्तात आहेच." आहे. मी नाकारीत नाही. काही घराण्यांत स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगाचे जनुक खरोखरच जबर असते, आणि तिथे डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. पण आमच्या घरात काय होते? त्यासाठी पुन्हा परळात जावे लागेल, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान तेच आहे.

खानोलकरांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. गाल, हिरडी, जीभ, घसा. कोणत्या समाजाच्या माणसाला नेमके कुठे होते ते त्यांनी मांडले. त्यांची नजर रक्ताकडे होती तशीच ती माणसांच्या चंचीकडेही होती. कोण तंबाखू गालात धरतो, कोण ओठाखाली ठेवतो, कोण विडी ओढतो, कोण पानात चुना लावतो, हे त्यांनी विचारले. आणि मग १९५५ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला: संघवी, राव आणि खानोलकर; विषय, तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी संबंध. नावे पुन्हा वाचा. ज्या संघवींनी सहा वर्षांपूर्वी जातीजातींचे रक्त मोजले होते, तेच संघवी आता तंबाखू मोजत होते. जो चघळतो त्याचे तोंड, जो ओढतो त्याचा घसा, आणि जो दोन्ही करतो त्याची गत सर्वांत वाईट, असा तो निष्कर्ष. १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची कायम नोंदवही सुरू झाली. तंबाखूपासून बहुधा दूर राहणाऱ्या पारशी समाजात तोंडाचा कर्करोग कमी, हे तिथेही दिसले. स्तनाचा मात्र त्यांच्यात अधिक. रक्ताचा शोध घेण्यास निघालेला माणूस तंबाखूच्या डबीशी येऊन थांबतो आणि जे दिसले ते निमूटपणे लिहितो, याला मी शास्त्र म्हणतो.

ते वाचले त्या संध्याकाळी मी माळ्यावर चढलो. माझ्या बहिणीची पत्र्याची ट्रंक तिथे आहे. ती गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. लुगड्यांच्या घडीत एक पितळी डबी सापडली. तळाशी काळी पूड अजून होती. मशेरी. तव्यावर तंबाखू जाळून, कुटून ती करत. आमच्याकडे बायका सकाळी चुलीपुढे बसून मशेरी लावत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. अक्काने ती वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी सासरी शिकून घेतली आणि पन्नास वर्षे सोडली नाही. मुंबईच्या डॉक्टरांना जे १९५५ साली ठाऊक होते, ते दोंडाईच्यात तिला कोणी सांगितले नाही. मीही नाही. मी त्याच घरात बसून मुलांच्या वह्या तपासत होतो आणि डबी संपली की बाजारातून तंबाखू मीच आणून देत होतो.

धाकट्या भावाचे म्हणाल, तर त्याने आडतीच्या गादीवर बसून रोज दोन बंडल विड्या ओढल्या. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली होती, ती त्याने महिनाभर घेतली आणि 'बरे वाटते' म्हणून सोडली. २००४ साली ५२ देशांतील हृदयरोग्यांचा मोठा अभ्यास पुरा झाला. त्यात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातला मेद, पोटाचा घेर अशी नऊ कारणे मिळून दहांतल्या नऊ झटक्यांचा उलगडा होत होता. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना एकोणसाठीच्या सुमारास, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. बी गटाचे ११ टक्के भावाच्या खात्यावर लिहाच. पण त्या खात्यावर विड्यांची उधारी किती होती, तेही लिहा.

मोठ्या मायला मी डबी दाखवली. तिने ती ओळखली. बराच वेळ हातात धरून बसली, मग पदराने पुसून माझ्याजवळ परत दिली. ती काही बोलली नाही. तिच्या स्वतःच्या कमरेला अशीच डबी असे. दात पडले तेव्हा सुटली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी मुलाच्या वडिलांना पत्र लिहिले. आर्जव केले नाही. आमच्या घरात कोण कशाने गेले, कोणत्या वयात गेले आणि कोणाला कोणते व्यसन होते, हे तारीखवार मांडले. अक्काच्या डबीचे आणि माझ्या तंबाखू आणण्याचेही लिहिले. पुतणीने ते वाचले आणि खाली आपल्या हाताने एक ओळ घातली: माझा गट बी आहे, आपल्या चिरंजिवांचा कोणता, आणि ते तंबाखू खातात का, हे कळवावे.

ती ओळ ठेवावी की खोडावी, यावर घरात दोन दिवस वाद झाला. मोठी माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मग पत्र तसेच टपालात टाकले.

आज वसुबारस आहे. उत्तर आलेले नाही. चकल्यांचे पीठ मळता मळता पुतणीने पोस्टमन येऊन गेला का म्हणून दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा नाही म्हटल्यावर सोऱ्या पुन्हा भरला.